आधी आपल्या तारखा बदलू या: हिमालयात ट्रेक नेणाऱ्या मराठी संस्थांना खुले पत्र

हिमालयात ट्रेक नेणाऱ्या महाराष्ट्रातल्या सर्व संस्था, क्लब आणि महाविद्यालयांची गिर्यारोहण मंडळे यांस,

सप्रेम नमस्कार.

उत्तराखंडातून परतलेल्या गटांच्या बोलण्यात, त्यांनी टाकलेल्या फोटोंखाली, गेली काही वर्षं एक तक्रार सारखी दिसते. बुग्याल, म्हणजे तिथली उंचावरची गवताळ कुरणं, उघडे पडत चाललेत, पायवाटांच्या घळी झाल्यात, जिथे फुलांचा गालिचा बघितला होता तिथे आता माती दिसते. इथपर्यंत तक्रार खरी आहे. पुढचं वाक्य मात्र ठरलेलं असतं: मेंढ्यांनी सगळं खाऊन टाकलं, सरकारने चराई पूर्ण बंद करावी. आपल्यातली काही मंडळी हीच मागणी निवेदनाच्या रूपात करण्याच्या विचारात आहेत. माझी विनंती आहे की ती करू नये, आणि त्याऐवजी आपण आपल्या बॅचेसच्या तारखांकडे आधी बघावं.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि विद्यार्थ्यांना घेऊन गढवालात जाते. गवत हा माझ्या कामाचा विषय आहे, म्हणून सुरुवात गवतापासूनच करते.

साधारण १०,००० ते १३,००० फुटांवर झाडं संपतात आणि बुग्याल सुरू होतात. बेदनी, आली, दयारा, तुंगनाथच्या आसपासचे उतार, ही नावं तुम्हा सगळ्यांना पाठ आहेत. वरून बघताना जे हिरवं दिसतं तो त्या कुरणाचा लहानसा हिस्सा असतो. इथल्या वनस्पतींचा बराचसा जीव जमिनीखाली असतो, मुळांत, कंदांत, आडव्या खोडांत. वर्षातले सहा-सात महिने बर्फ किंवा गोठवणारी थंडी, त्यामुळे वाढायला मिळतात ते चार-पाच महिने. बर्फ वितळलं की आदल्या वर्षी मुळांत साठवलेल्या अन्नावर पहिला कोंब वर येतो. पानं पुरेशी मोठी होऊन स्वतःचं अन्न बनवू लागेपर्यंतचे जे काही आठवडे असतात, त्यांत तो कोंब कुणी खुडला किंवा तुडवला, तर झाडाला दुसऱ्यांदा त्याच शिलकीतून खर्च करावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये तेच गवत खाल्लं तर ते बऱ्यापैकी सावरतं. सप्टेंबरअखेर बी पडून गेल्यावर खाल्लं तर फारसं बिघडत नाही. म्हणजे किती जनावरं चरली याच्या इतकंच, किंबहुना त्याहून जास्त, ती कधी चरली याला महत्त्व आहे.

मातीचंही तसंच. बुग्यालची माती पातळ असते आणि ती मुळांच्या जाळ्याने धरून ठेवलेली असते. बर्फ नुकतं वितळलेलं असताना ती पाण्याने तुडुंब भरलेली असते आणि खालचा थर बऱ्याचदा अजून गोठलेला असतो, त्यामुळे पाणी मुरायला जागा नसते. अशा वेळी पडलेलं प्रत्येक पाऊल, खूर असो की बूट, जाळं फाडतं. एकदा फाटलं की बाकीचं काम पावसाळा करतो. जुलैच्या सरींनी फाटलेल्या जागेची चर होते, दोन-तीन वर्षांत चरीची घळ होते, आणि घळीच्या कडा मग दर हिवाळ्यात गोठून-वितळून आत ढासळत राहतात. उतारावर इतक्या उंचीवर नवी माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात.

आता हवामानाचं. या भागात तापमान वाढतंय हे सांगायला नको, पण किती, ते बघण्यासारखं आहे. काठमांडूच्या इसिमोड या संस्थेच्या २०१९ च्या मोठ्या अहवालानुसार जगाची सरासरी तापमानवाढ दीड अंशावर रोखली, तरी हिंदुकुश-हिमालयाची वाढ त्याहून किमान ०.३ अंशाने जास्त राहील, आणि वायव्य हिमालय व काराकोरममध्ये किमान ०.७ अंशाने जास्त. याच संस्थेने २०२५ मध्ये सांगितलं की त्या हिवाळ्यात या पर्वतरांगांत बर्फ जमिनीवर टिकून राहण्याचं प्रमाण नेहमीपेक्षा २३.६ टक्क्यांनी कमी होतं, २३ वर्षांतलं सर्वांत कमी, आणि कमी बर्फाचं ते सलग तिसरं वर्ष होतं. २०२४ च्या जानेवारीत औलीचे स्कीइंगचे उतार महिनाभर जवळजवळ उघडे होते, ते फोटो तुम्हीही पाहिले असतील.

बर्फ कमी पडलं तर गवताला उलट जास्त दिवस मिळतील, असं वाटणं स्वाभाविक आहे. तसं होत नाही. बर्फ ही कुरणाची गोधडी आहे. तिच्याखाली जमीन शून्याच्या थोडी खाली राहते, वरची हवा उणे पंधरावर गेली तरी. गोधडीच नसेल तर थंडी थेट मुळांपर्यंत पोचते, मातीतलं पाणी सुयांसारखं गोठून मातीच उचलून धरतं, बारीक मुळं तुटतात. मग मार्चमध्येच ऊब येते, कोंब लवकर फुटतात आणि एप्रिलच्या कडाक्यात करपतात. झाडाची शिल्लक मेंढी वर पोचायच्या आधीच अर्धी संपलेली असते. शिवाय हिवाळ्यात साठलेल्या बर्फाचं पाणी मे-जूनमध्ये हळूहळू झिरपायचं, खालच्या गधेऱ्यांना म्हणजे ओढ्यांना आणि गावांच्या झऱ्यांना मिळायचं, तेही आटतं. आणि जे पाणी बर्फ होऊन पडायचं त्यातलं काही आता पाऊस होऊन, तेही एकदम, फाटक्या जमिनीवर कोसळतं.

खालून झाडंझुडपंही वर सरकू पाहताहेत. भोजपत्राची, रागा म्हणजे फर वृक्षाची, बुरांश म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या बुटक्या जातीची रोपं जुन्या वृक्षरेषेच्या वर उगवल्याच्या नोंदी हिमालयात अनेक ठिकाणी झाल्या आहेत. सगळीकडे सारखी गती नाही, उताराची दिशा आणि ओलावा यांवर बरंच अवलंबून आहे. पण बुग्यालला वर सरकायला जागा कुठे आहे? वर खडक आणि मोरेन, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेले दगडगोटे आहेत, माती नाही.

या सगळ्यात मेंढपाळ काय करतो? तो बर्फाच्या मागे मागे वर चढतो. हे पिढ्यान्‌पिढ्यांचं गणित आहे. कुमाऊंमधले अनवाल, हिमाचलातले गद्दी, सगळ्यांचं साधारण असंच. गावाजवळची चराई, मग जंगलातली, मग वृक्षरेषेजवळची, आणि सर्वांत शेवटी बुग्याल. वर गेल्यावरही एका जागी मुक्काम थोडेच दिवस, मग पुढे. दयारावर रैथल आणि आसपासच्या गावांचे लोक भाद्रपद संक्रांतीला ताक-लोण्याने होळी खेळतात, बुग्यालने दिलेल्या दुधाबद्दल त्याचे आभार मानतात, आणि मग गुरं खाली न्यायच्या तयारीला लागतात. ब्रह्मकमळ भाद्रपदातल्या नंदाष्टमीच्या आधी तोडायचं नाही, बुग्यालवर भडक कपडे घालायचे नाहीत, आरडाओरडा करायचा नाही, नाहीतर आंछरी, म्हणजे डोंगरातल्या पऱ्या, उचलून नेतात, असे संकेत तिथे होते आणि काही गावांत अजून आहेत. ज्यांनी ते घालून दिले त्यांना बी पडायचा काळ चांगलाच ठाऊक होता.

हे गणित आता बिघडलंय, हेही मी लपवणार नाही. खालची कुरणं हिवाळी बर्फाअभावी लवकर वाळतात, म्हणून कळप आधी वर येतात, आणि वर मात्र कोंब अजून उभे राहिलेले नसतात. काही ठिकाणी कळप एकाच पाण्याभोवती फार दिवस थांबतात. तिथे लेंडीखताने माती इतकी खतावते की रुमेक्ससारख्या, जनावरं तोंड लावत नाहीत अशा रानटी पालेभाज्या फोफावतात आणि बाकीचं मरतं. जुन्या मुक्कामाच्या जागा त्यांच्या रुंद पानांवरून लांबूनही ओळखता येतात. दुधातून गेलेली गुरं आणि थकलेली खेचरं गावकरी वर मोकळी सोडून देतात, त्यांना हाकणारं कुणी नसतं. चराईने बुग्याल खराब होतात, हे खरं आहे.

पण कळप एकवटले कसे, ते निवेदनात कुणीच लिहीत नाही. १९६२ च्या युद्धानंतर तिबेटची सीमा बंद झाली, आणि खिंडी ओलांडून होणारा, सीमेलगत राहणाऱ्या भोटिया लोकांचा व्यापार आणि पलीकडची चराई थांबली. १९८२ मध्ये नंदादेवी शिखराभोवतीचा आतला प्रदेश आणि फुलांची घाटी (व्हॅली ऑफ फ्लॉवर्स) राष्ट्रीय उद्यानं म्हणून चराईला बंद झाली. पुढे अभयारण्यं वाढली, रस्ते झाले, धरणं झाली, दरडींनी जुन्या वाटा तुटल्या. जी जनावरं कितीतरी मोठ्या प्रदेशात पसरायची ती उरलेल्या थोड्या बुग्यालांवर येऊन पडली. बऱ्याच खोऱ्यांत मेंढ्या पूर्वीपेक्षा कमी झाल्या आहेत, मेंढपाळांची मुलं डेहराडूनला नोकरी शोधताहेत, तरीही एखाद्या बुग्यालवर भार वाढलेला दिसतो, तो यामुळे. आपण तिथे पोचलो तेव्हा हे सगळं आधीच झालेलं होतं, आणि आपल्याला फक्त समोरची मेंढी दिसली.

पूर्ण बंदीने काय होतं याचं एक उदाहरण तुम्ही पाहिलेलं आहे. फुलांच्या घाटीत चराई थांबल्यानंतर पॉलिगोनम नावाची उंच, दाट वाढणारी वनस्पती मोठ्या क्षेत्रावर पसरली. तिच्या सावलीत लहान फुलझाडं टिकत नाहीत, आणि वन विभागाला ती दरवर्षी हाताने उपटावी लागते. चराईबंदी हेच तिचं कारण, असं काही अभ्यासक म्हणतात. दरडी आणि हिमलोटांनी उघडी पडलेली जमीन हे मूळ कारण, असं दुसरे म्हणतात. मला दोन्ही बाजूंत तथ्य वाटतं. वाद मिटलेला नाही, पण मेंढ्या गेल्या की कुरण आपोआप पूर्वीसारखं होतं, हा समज त्या घाटीने नक्कीच खोटा ठरवला. तापमान वाढत असताना तर हे आणखी लागू होतं, कारण वर सरकणाऱ्या झुडपांची कोवळी रोपं खाऊन त्यांना रोखणारी मेंढीच असते. साताऱ्याच्या मंडळींना हे सांगायला नको. कासच्या पठारावर कुंपण घातलं, चराई थांबली, आणि पुढे फुलांसाठीच ते कुंपण काढावं लागलं. कास म्हणजे बुग्याल नव्हे, तिथली माती, पाऊस, फुलं सगळं वेगळं. पण जनावर आणि कुरण यांचं जुनं नातं एका फटक्यात तोडलं की काय होतं, ते आपण आपल्या घरात पाहिलंय.

आता आपल्याकडे येते.

२१ ऑगस्ट २०१८ रोजी नैनीतालच्या उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम बंद केला, दिवसाला जास्तीत जास्त २०० पर्यटक ही मर्यादा घातली आणि तिथली कायमची बांधकामं हटवायला सांगितली. याचिका केली होती आली-बेदिनी-बगजी बुग्याल संरक्षण समितीने, म्हणजे त्याच भागातल्या लोकांनी. रूपकुंडच्या ट्रेकची वाट आली-बेदनीवरूनच जाते, म्हणून आपल्याकडे या आदेशाची आठवण ‘रूपकुंड बंद झालं’ एवढीच राहिली. पण त्यात चराईविषयीही लिहिलं होतं: व्यापारी चराई बंद, स्थानिक मेंढपाळांना मुभा, तीही मर्यादित संख्येत. न्यायालयाने स्थानिक मेंढपाळाला मुभा दिली आणि मुक्काम ठोकणाऱ्यांना रोखलं. आपण मागणी करतोय ती याच्या नेमकी उलट.

मे महिना घ्या. महाराष्ट्रात शाळा-कॉलेजांना सुट्टी लागते आणि आपल्या बॅचेस एकामागून एक सुटतात. त्याच आठवड्यांत बुग्यालवरचं बर्फ नुकतं वितळलेलं असतं. त्याच आठवड्यांत कीडाजडी ही औषधी म्हणून विकली जाणारी बुरशी खणायला गावंच्या गावं वर तंबू ठोकतात, कारण ती बर्फ वितळताच जमिनीतून डोकं काढते. गुडघ्यावर रांगत, माती उकरत, जळणासाठी ज्युनिपर तोडत महिनाभर हे चालतं. आणि थोड्याच दिवसांनी कळप पोचतात. कुरण वर्षात सगळ्यांत नाजूक असतं त्याच तीन-चार आठवड्यांत तिघे एकदम त्याच्यावर येतो.

कीडाजडीवाल्याचं वर्षाचं पोट त्या महिन्यावर आहे. मेंढपाळाला मेंढ्यांची भूक थांबवता येत नाही. आपल्याला मात्र फक्त सुट्टीची सोय बघायची असते. तिघांपैकी तारीख बदलणं कुणाला शक्य आहे, ते तुम्हीच ठरवा.

पाऊस उत्तराखंडातून साधारण सप्टेंबरअखेर परततो. ऑक्टोबरात माती कोरडी आणि घट्ट असते, बी पडून गेलेलं असतं, पानं पिवळी-तांबूस झालेली असतात, आणि शिखरं मेपेक्षा कितीतरी स्वच्छ दिसतात. आपल्याकडे दिवाळीची सुट्टीही त्याच सुमारास येते. फुलं दिसणार नाहीत, हे खरं. ज्यांना फुलंच बघायची आहेत त्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये आखलेल्या वाटेवरून, लहान गटाने, खालच्या गावात मुक्काम करून जावं. मे महिन्यात गढवालात जायला जागा कमी आहेत का? देवदार आणि बांज ओकांची जंगलं आहेत, जुन्या गावांना जोडणाऱ्या वाटा आहेत, नदीखोरी आहेत. पहिल्यांदा हिमालय बघणाऱ्या मुलाला त्या वाटाही भारावून टाकतात, हे मी दरवेळी बघते. बुग्याल मेमध्ये दाखवलाच पाहिजे असा कुठलाही नियम नाही. तो आपण माहितीपत्रकावर छापायला सुरुवात केली म्हणून झाला.

दुसरी गोष्ट खेचरांची, आणि यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण यावर कुणी बोलतच नाही. मेंढ्यांच्या चराईवर आपण लेख लिहितो, आणि आपले तंबू, सिलिंडर, खुर्च्या वाहून आणलेली खेचरं रात्रभर त्याच बुग्यालवर मोकळी चरत असतात. एका मोठ्या बॅचच्या मागे किती खेचरं असतात ते मोजून बघा. घोडा-खेचराला वर आणि खाली दोन्ही पुढचे दात असतात, ते गवत अगदी जमिनीलगत कातरतं. अंगावरचं वजन, पाठीवरचा बोजा, आणि हे सगळं नाल ठोकलेल्या चार लहान खुरांवर. ओल्या उतारावर एक खेचर जे करतं ते कळपातली मेंढी करू शकत नाही. मेंढ्यांचा कळप पुढे निघून जातो. आपलं खेचर मात्र तेच मुक्काम, तेच पाणी, तोच उतार, बॅचमागून बॅच, सगळा हंगाम वापरतं. आणि त्या चराईचा हिशेब आपल्या कुठल्याच पर्यावरण धोरणात नसतो.

यावर उपाय अवघड नाही. खेचरांना तोबऱ्यात चंदी द्यायची, तिचा खर्च ट्रेकच्या फीमध्ये धरायचा, आणि खेचरवाल्याशी ठरवतानाच हे ठरवायचं. खेचरं वृक्षरेषेच्या खाली थांबवायची. बुग्यालवर दिवसा जाऊन संध्याकाळी खाली यायचं. खुर्च्या, मोठा जेवणाचा तंबू, बुफे, हे सगळं घरी ठेवलं की खेचरांची संख्या आपोआप निम्म्यावर येते. फी थोडी वाढेल. जे थोड्या जास्त पैशासाठी येणार नाहीत ते हळूहळू येतील, आणि खेचरवाल्याचा रोजगार मात्र बुडता कामा नये. २०१८ नंतर रूपकुंडच्या वाटेवरच्या लोहाजंग-वाण भागातल्या वाटाड्यांचे आणि खेचरवाल्यांचे जे हाल झाले ते आपण दुरून पाहिले. बॅचेस दुसऱ्या खोऱ्यांत हलवून आपण मोकळे झालो, त्यांना गाव हलवता आलं नाही.

घळी बुजवायचं काम तिथे सुरू झालेलं आहे, तेही आपल्या गटांना बघता येईल. उत्तरकाशीच्या वन विभागाने दयारा बुग्यालवर धुपीच्या घळींवर नारळाच्या काथ्याची जाळी अंथरली, चीडच्या (पाइनच्या) वाळलेल्या सुया भरून बांबूचे लहान बांध घातले, आणि त्यावर स्थानिक वनस्पती रुजवल्या. काम चांगलं आहे, पण घळ भरायला लागणारा खर्च आणि वर्षं बघितली की ती पडूच न देणं किती स्वस्त आहे हे कळतं. दयाराला जाणाऱ्या प्रत्येक गटाने त्या जाळ्या ओलांडू नयेत, वाट सोडून फोटोसाठी त्यांवर बसू नये, एवढं तरी आपण पक्कं करू शकतो.

मेंढपाळांविषयी शेवटचं. २००६ चा वनहक्क कायदा भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य करतो. उत्तराखंडात वनपंचायती, म्हणजे गावाचं जंगल सांभाळणाऱ्या गावकऱ्यांच्या समित्या, १९३१ पासून आहेत. कधी वर जायचं, किती जनावरं न्यायची, कोणता उतार एखादं वर्ष मोकळा सोडायचा, हे तिथल्या लोकांनी, बदललेल्या बर्फाकडे बघून, मिळून ठरवायला हवं, आणि वन विभागाने कागदावरच्या तारखेऐवजी त्या वर्षीच्या बर्फाकडे बघून परवानगी द्यायला हवी. निवेदन द्यायचंच असेल तर ही मागणी करणारं द्या. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष गवताळ प्रदेश आणि पशुपालक यांना दिलेलं आहे. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या संस्थांनी, जिथे धनगर बांधव दर पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर घाट चढतात-उतरतात आणि प्रत्येक वळणावर ‘चरायला बंदी आहे’ हे ऐकतात, तिथून उठून हिमालयातल्या मेंढपाळाला हाकलायची मागणी करावी, हे मला सहन होत नाही.

तुम्हाला मी स्पष्ट विचारते. येत्या उन्हाळ्याच्या बॅचेस बहुतेक संस्था डिसेंबर-जानेवारीत जाहीर करतात. त्याआधी मे-जूनमधले बुग्यालवरचे मुक्काम रद्द करून ते ऑक्टोबरात नेणार का? खेचरांच्या चंदीचा खर्च फीमध्ये घालणार का? चराईबंदीच्या निवेदनावर सही करण्याआधी तिथल्या एका तरी वनपंचायतीशी बोलणार का? ज्या संस्था होय म्हणतील त्यांच्या ऑक्टोबरच्या वाटा आखायला, गावातले मुक्काम ठरवायला, मुलांसाठी गवताची ओळख करून देणारी टिपणं तयार करायला मी विनामूल्य येईन. ज्या नाही म्हणतील त्यांनी कारणं कळवावीत. जाहीरपणे कळवली तर जास्त बरं, म्हणजे त्यावर सगळ्यांना मिळून बोलता येईल.

आपली,
वनस्पतिशास्त्राची एक शिक्षिका
सातारा